हिशेबाच्या वहीतली मंडळी

ख्रिस्ती मंडळीची मूल्यं कोणती, असं विचारलं की पाच मिनिटांत फळा भरतो. प्रेम, ऐक्य, सेवा, क्षमा, प्रार्थना. जिल्ह्यातल्या मंडळ्यांची शिबिरं घेता घेता हा फळा मला पाठ झाला आहे. त्यात खोटं काही नसतं. पण तोच उचलून एखाद्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेत टांगला तरी कुणी हरकत घेणार नाही! मंडळीला जिथे पदरचं काही मोजावं लागलं, तिथेच तिची मूल्यं हाती लागतात, असं माझं मत झालंय. म्हणून मी शिबिराला येताना जुन्या वह्या आणायला सांगतो: हिशेबाची, पंचांच्या सभेची, लग्नांची.

प्रवरेच्या कालव्यावरच्या एका मंडळीचं शिबिर भंडारदऱ्याला घेतलं, त्यालाही कारण होतं. 1926 साली धरण पुरं झालं, पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत गेलं आणि खालची जिरायती रानं उसाखाली आली. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. मतमाउलीच्या, म्हणजे मारियेच्या, यात्रेला सप्टेंबरात सगळ्या धर्मांची माणसं लोटतात, ते हेच हरेगाव. आमच्या शिबिरातल्या बऱ्याच घरांचे आजे-पणजे या पाण्यामागून मजुरीला आलेले. धरणाच्या भिंतीवर उभं राहून एक पंच म्हणाले, "म्हणजे आपलं देऊळ इथून सुरू होतं म्हणायचं."

कापणीच्या सणाची वही उघडली आणि गंमत सुरू झाली. हा सण ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: उपासनेला लोक शेतातलं, परसातलं काहीबाही घेऊन येतात. ज्वारी, भोपळा, मेथीची जुडी, कोंबडी. उपकारस्तुती झाली की त्याचा लिलाव होतो आणि पैसा मंडळीच्या खात्यात जातो. एका पानावर 'अंडे 1' ही नोंद एकाखाली एक चारदा होती, दर वेळी बोली लावणारा वेगळा. तरुण संघातल्या पोरांना वाटलं, लिहिणाऱ्याची चूक. मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "चूक नव्हं बाबा. अंडं एकच होतं. घेणाऱ्यानं पैसं टाकायचं अन् अंडं पुन्हा टेबलावर ठिवायचं." ते आणणाऱ्या बाईकडे त्या साली दुसरं काही नव्हतं. तिच्या अंड्याची किंमत भोपळ्यांच्या बरोबरीला येईपर्यंत पंचांनी लिलाव थांबवला नाही.

फळ्यावरच्या 'प्रेम' या शब्दाखाली मी ही नोंद लिहायला लावली. खोलीतला आवाज बदलला. मग एकेक निघू लागलं. 1972च्या दुष्काळात मंडळीचं धान्य मंडळीबाहेरच्या घरांनाही उसनं दिलं गेलं, आणि त्यावरून सभेत जुंपलीही होती. पाळकांचा पगार थकला होता, तेव्हा प्रश्न रास्तच होता. धान्य दिलं गेलं, पगार नंतर निघाला, आणि विरोध करणाऱ्यांची नावंही इतिवृत्तात जशीच्या तशी राहिली. ते लिहिणाऱ्या सचिवांचं मला फार कौतुक वाटतं.

आठवणींतून असा शोध इतरांनीही घेतलाय. कॅलिफोर्नियात अल्टाडेना इथल्या जपानी-अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळीने आपल्या चांगल्या आठवणी गोळा करत पुढची वाट शोधली. मार्क लाऊ ब्रॅन्सन यांनी त्यावर 2004 साली पुस्तक लिहिलं. पद्धत चांगली आहे, मी वापरतो. पण नुसत्या गोड आठवणींवर आपल्याकडचं भागत नाही. आपल्याकडे जात आहे.

जातीचा हा पेच सुरुवातीपासूनचा. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 साली सुरू झालं. 1839 साली बाप्तिस्मा घेतलेले हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक हे दोघे ब्राह्मण घरांतले. मिशनचे बॉस्टनचे चिटणीस रूफस अँडरसन यांचा आग्रह होता की मंडळीने आपला कारभार आपण करावा, खर्च आपण उचलावा. त्यांच्या भेटीच्या काळात, 1854 साली, या दोघांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढे गावोगाव मंडळीत आले ते बहुतेक महार, मग मांग समाजातले लोक. 'जात नाही' हे वाक्य उच्चारणं सोपं होतं. प्रभुभोजनाला एकाच भाकरीचा तुकडा घेणं अवघड होतं, आणि मूल्य ठरलं ते तिथे. लक्ष्मीबाई टिळकांनी 1900 साली बाप्तिस्मा घेतला, पण सोवळंओवळं सुटायला त्यांना आधी स्वतःशीच किती झगडावं लागलं, ते 'स्मृतिचित्रे'त आहे. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांनी 1917 साली 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. मिशनच्या शिस्तीत वाढलेल्यांना ते पचणं कठीणच होतं. तरी त्याच मंडळ्या आज टिळकांची भजनं टाळ-मृदंगावर म्हणतात. मनाने आधी जे स्वीकारलं नाही ते गळ्याने स्वीकारलं, असंही होतं.

दुसऱ्या दिवशी लग्नांची वही निघाली. माझा प्रश्न सरळ होता: यातली किती लग्नं मूळ जातीबाहेरची? माणसं नावं वाचत गेली आणि बोलणं मंदावलं. एक वडीलधारे चिडले. "हे चव्हाट्यावर कशाला? सवलती नाहीत ते नाहीतच, वर हे!" त्यांचा राग मला कळत होता. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातीत धरले जात नाहीत. सरकारदरबारी जात गेली, गावात राहिली. पण महिला मंडळाच्या अध्यक्षा म्हणाल्या, "फळ्यावर ऐक्य लिहिलंय ना? मग ही वहीपण त्याच्याचखाली येईल."

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी कागदावर दोन वाक्यं आणि एक प्रश्न उरला. देणाऱ्याची ऐपत पाहून दान मोजायचं नाही. अडचणीत मंडळीबाहेरचाही आपला. प्रश्न लग्नांचा. पाळकांना तो वगळायचा होता, मतदान झालं, ते हरले. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर तो चौथ्या क्रमांकावर आहे, हिशेबाच्या लगेच नंतर.