हात मागे बांधून

क्रूझ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं ते मुंबईहून गोव्याकडे निघालेलं दहा-बारा मजली जहाज. रात्री ऑर्केस्ट्रा, सकाळी डोशाच्या काउंटरपुढे रांग, वरच्या डेकवर पोहण्याचा तलाव. गालापागोसच्या सान क्रिस्तोबल बेटाच्या धक्क्यावर उभं राहून भाचीनं जी बोट दाखवली, तिच्यात यातलं काही मावलंच नसतं. प्रवासी सोळा, खलाशी त्याहून थोडे कमी, एक स्वयंपाकी आणि एक गाईड. लिफ्टचा प्रश्नच नव्हता. जिना होता आणि तोही शिडीच्या वळणावर गेलेला.

सोळाच का, तर राष्ट्रीय उद्यानाचा नियम असा आहे की सोळा माणसांमागे परवानाधारक गाईड एक हवाच. गालापागोसमध्ये सगळ्यात मोठ्या जहाजालासुद्धा शंभरावर प्रवासी नेता येत नाहीत. इक्वाडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १,००० किलोमीटर पश्चिमेला, प्रशांत महासागरात, ऐन विषुववृत्तावर ज्वालामुखींतून वर आलेली ही बेटं. १९५९ पासून त्यांच्या जमिनीचा ९७ टक्के भाग राष्ट्रीय उद्यान आहे आणि उरलेल्या तीन टक्क्यांत गावं, शेती, हॉटेलं. त्यामुळे लांबची बेटं बघायची तर बोटीवरच राहायचं, बोटीवरच जेवायचं, आणि कुठल्या बेटावर किती वाजता उतरायचं हेदेखील उद्यानाचं कार्यालय ठरवणार. कप्तान वाटेल तिकडे सुकाणू वळवू शकत नाही. एका जागी एकदा गेलेली बोट चौदा दिवस तिथे परत जाऊ शकत नाही, म्हणून आम्हाला मिळाली ती आग्नेयेकडची बेटं. पेंग्विन बहुतेक पश्चिमेच्या बेटांवर असतात, ते आमच्या वाट्याला आले नाहीत. एक अमेरिकन आजोबा शेवटपर्यंत त्यावरून कुरकुरत होते.

नियमांची चुणूक मला निघण्याआधी भाचीकडे ह्यूस्टनलाच मिळाली होती. भाचीनं माझी बॅग पलंगावर उपडी केली. बडीशेप बाहेर, मेथ्या बाहेर, अळशीची चटणी बाहेर.

"अगं, भाजलेली आहे ती!"

"ते तिथल्या माणसाला तू कुठल्या भाषेत सांगणार, मावशी? बी म्हणजे बी."

मग तिनं जुन्या टूथब्रशनं माझ्या बुटांच्या तळव्यांतली ठाण्याची माती काढली. क्वीटोच्या विमानतळावर बॅगा वेगळ्या यंत्रातून गेल्या आणि त्यांना सील लागलं. विमानात उतरायच्या आधी डोक्यावरच्या कप्प्यांत औषधाचा फवारा मारला. खाली उतरल्यावर उद्यानाचं प्रवेशशुल्क भरलं, माणशी २०० डॉलर. २०२४ च्या ऑगस्टपर्यंत ते १०० होतं. एवढे पैसे मोजून आपण कुणाच्या तरी घरात शिरतोय आणि घरमालकाला आपला भरवसा नाही, हे माझ्या नीट लक्षात आलं.

बोटीवरून बेटावर जायला हवेच्या फुग्यांची एक छोटी इंजिनाची होडी असते, तिला सगळे पांगा म्हणतात. लाटेवर पांगा वरखाली होत असते, आपली बोट तिच्या उलट वरखाली होत असते, आणि या दोन्ही जुळतील त्या क्षणी आपण पाऊल टाकायचं असतं. हात द्यायचीही पद्धत आहे. पंजात पंजा द्यायचा नाही, कारण ओले पंजे सुटतात. आपण खलाशाचं मनगट पकडायचं, त्यानं आपलं. एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते. पहिल्या दिवशी खलाशानं माझं मनगट धरलं, आधी बांगड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्यानं त्या काढून भाचीकडे दिल्या.

उतरणं दोन प्रकारचं. कोरडं, म्हणजे खडकावर किंवा धक्क्यावर. आणि ओलं, म्हणजे पांगाच्या काठावर बसून, पाय बाहेर टाकून, गुडघाभर पाण्यात. रोज संध्याकाळी जेवणाआधी गाईड फळ्यावर उद्याचा कार्यक्रम लिहायचा आणि मी त्यात पहिल्यांदा कोरडं की ओलं एवढंच बघायचे. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी गुडघ्यांना दुसऱ्या कशात रस नसतो.

रात्रीचं मी फार सांगत नाही. बोट रात्रीच चालते, ऑक्टोबरात समुद्र खवळलेला असतो, आणि नांगराची साखळी नेमकी माझ्या उशाशीच सुटते असं मला वाटत राहिलं. गोळी घ्यायची आणि आडवं व्हायचं. जेवण मात्र झकास होतं. बटाट्याचं आणि चीजचं दाट सूप, त्याला लोक्रो म्हणतात, आणि त्याच्यावर टाकायला वाटीभर लाह्या. सुपात मक्याच्या लाह्या घालणारे लोक मला लगेच आपले वाटले.

एस्पान्योला बेटावर आम्ही पोहोचलो तेव्हा पांगामधून पाय कुठे ठेवायचा हाच प्रश्न पडला. धक्क्याच्या पायरीवर समुद्रसिंहाची मादी झोपली होती आणि तिच्यापलीकडे काळ्या लाव्हाच्या दगडांवर इग्वानांचा खच. एकावर एक, एकमेकांच्या पाठीवर हनुवट्या टेकून. समुद्रात उतरून शेवाळ खाणारी सरड्यांची ही जगातली एकच जात. शेवाळाबरोबर पोटात जाणारं मीठ ते नाकातल्या ग्रंथींतून बाहेर टाकतात, शिंकून. दर मिनिटाला कुणीतरी फुस्स करत होतं आणि बऱ्याच जणांच्या डोक्यावर वाळलेल्या मिठाची पांढरी खपली चढलेली होती. या बेटावरचे नर अंगावर तांबडे-हिरवे पट्टे वागवतात. मी अगदी जवळ गेले तरी एकानंही मान वळवली नाही.

"दोन मीटर," मागून गाईड म्हणाला.

हे "दोन मीटर" मी पुढे इतक्यांदा ऐकलं की झोपेतही ऐकू यायला लागलं. प्राण्यांपासून दोन मीटर लांब राहायचं. काळ्या-पांढऱ्या खुंट्यांच्या आतच चालायचं. हात लावायचा नाही, खायला द्यायचं नाही, शंख-शिंपला-दगड उचलायचा नाही, संध्याकाळी सहाच्या आत बेट सोडायचं. प्राण्यांना मात्र यातला एकही नियम लागू नाही. ते पायवाटेवर झोपतात, अंडी घालतात, आपल्या बुटांचा वास घेतात. ताडोबात आपण जिप्सीत बसून वाघामागे धावतो, त्याच्या शेपटीचं टोक दिसलं तरी आठवडाभर सांगतो. इथे कुणी पळतच नव्हतं, त्यामुळे मला काय करावं तेच कळेना. मी हात मागे बांधले आणि तसेच ठेवले.

पुढे कड्यावर आल्बट्रॉस होते. पंख पसरले तर सव्वादोन मीटरच्या आसपास भरणारा हा पक्षी जवळजवळ सगळाच्या सगळा या एकाच बेटावर वीण घालतो. हवेत तो देखणा, जमिनीवर त्याचा तोल सारखा जातो. एक जोडी समोरासमोर उभी होती. पिवळ्या चोची एकमेकींवर आपटत होत्या आणि आवाज टिपऱ्यांसारखा लाकडी येत होता. टकटक, मग मान वर, चोच आ वासून उघडी, मग एक हुंकार, मग दोघंही लवून पायांकडे बघणार, की पुन्हा टकटक. आम्ही सोळा माणसं तोंडं उघडी टाकून बघत होतो. जोडीला आमचं सोयरसुतक नव्हतं.

तिथेच माझी खरी परीक्षा झाली. या बेटावर गोडं पाणी टिकत नाही. इथला मॉकिंगबर्ड, लांब वाकड्या चोचीचा, माणसांच्या बाटल्या ओळखतो. तो माझ्या पुढ्यात उतरला, बुटाची नाडी ओढून बघितली, मग बाटलीच्या झाकणावर चोच मारली. ठक ठक. मग माझ्याकडे बघितलं. ठाण्याच्या घरी माझ्या गॅलरीत चिमण्यांसाठी मातीचं भांडं बारा महिने भरलेलं असतं. आईनं पहिला घास कावळ्याला काढल्याशिवाय आम्हाला कधी वाढलं नाही. आणि इथे तहानलेला पक्षी दारात येऊन मागतो आहे आणि मी बाटली पिशवीत लपवते आहे.

"एक झाकणभर?" मी विचारलं.

"नाही," गाईड म्हणाला. "तुम्ही दिलंत तर उद्या येणाऱ्या सोळा जणांकडे तो मागणार. आणि बोटी येणं बंद झालं त्या वर्षी काय करणार?"

हे बरोबर होतं. राग मात्र आला. तो किनाऱ्यावर आणखी वाढला. समुद्रसिंहाचं एक पिल्लू वाळूत एकटंच होतं, बरगड्या मोजता येतील इतकं वाळलेलं. ते प्रत्येक मादीजवळ जायचं आणि प्रत्येक मादी त्याला हुसकावायची. त्या फक्त आपलंच पिल्लू पाजतात. आई शिकारीला गेली असेल, येईल. किंवा शार्कनं गाठली असेल, नाही येणार. पिल्लू माझ्या पायापाशी आलं. मी दोन मीटर मागे सरकले. ते परत आलं. मी परत मागे सरकले. असं करत करत मी पाण्यापर्यंत गेले. भाची फोटो काढत होती. तिला ते गमतीचं वाटलं. नास्का बूबी या पक्ष्याच्या घरट्यात दोन अंडी दिसली तेव्हा मी पुढचं विचारायचं टाळणार होते, पण गाईडनं सांगितलंच. दुसरं अंडं विम्याचं. दोन्ही फुटली तर थोरलं पिल्लू धाकट्याला घरट्याबाहेर ढकलतं, आईबाप बघत राहतात.

चार्ल्स डार्विन १८३५ च्या सप्टेंबरात इथे आला, पाचेक आठवडे राहिला. तेव्हा त्याचं वय होतं २६. त्यानं एक इग्वाना पुन्हापुन्हा पाण्यात भिरकावला, का तर तो परत येतो का ते बघायला. तो कासवांच्या पाठीवर बसला, कासवांचं मांस त्यानं खाल्लं, ससाण्याला बंदुकीच्या नळीनं फांदीवरून ढकललं. आज तो आमच्या पांगामधून उतरला असता, तर गाईडनं पहिल्याच दुपारी त्याला परत पाठवला असता.

द्यायची-घ्यायची मुभा असलेली एकच जागा सापडली, ती फ्लोरेआना बेटावर. तिथे किनाऱ्यामागे एक लाकडी पिंप आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस देवमाशांच्या शिकारीला निघालेले खलाशी त्यात घरची पत्रं टाकायचे आणि परतीच्या वाटेवरची जहाजं ती उचलून न्यायची. ती रीत अजून चालू आहे. तिकीट न लावता आपलं कार्ड टाकायचं, आतली कार्डं चाळायची आणि आपल्या गावाजवळचं एखादं सापडलं तर स्वतः नेऊन द्यायचं. गाईडनं गठ्ठा काढून पत्ते मोठ्यानं वाचायला घेतले. हॅम्बुर्ग. टोरांटो. बेंगळुरू. आणि मग उच्चाराची पार वाट लावून, पुणे. मी शाळेतल्या मुलीच्या उत्साहानं हात वर केला. दिवाळीनंतर थोरल्या बहिणीकडे गेले तेव्हा ते कार्ड पोहोचवलं. दार उघडणाऱ्या बाईंनी मला कुरिअरवाली समजून सही कुठे करायची ते विचारलं.

सान्ता क्रूझवर डार्विन संशोधन केंद्रात लोनसम जॉर्ज भुसा भरून काचेत ठेवलाय. पिंता बेटावरच्या कासवांतला तो शेवटचा. २०१२ च्या जूनमध्ये गेला. खलाशांनी या बेटांवरून लाखावर कासवं नेली असावीत असा अंदाज आहे, कारण जहाजाच्या तळाशी ती अन्नपाण्यावाचून महिनोन्महिने जगायची. ताजं मांस हवं तेव्हा हाताशी. उरलेल्यांचं खाणं शेळ्यांनी संपवलं. पिंतावर १९५९ मध्ये कोळ्यांनी तीन शेळ्या सोडल्या होत्या, दहा-पंधरा वर्षांत त्यांच्या हजारो झाल्या.

आणि इथे गाईडनं जे सांगितलं त्यानं माझं डोकं गरगरलं. १९९७ ते २००६ या काळात उद्यानानं इसाबेला, सान्तियागो आणि पिंता बेटांवरच्या दीड लाखाच्या आसपास शेळ्या मारल्या. हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून. शेवटच्या लपलेल्या शेळ्या सापडाव्यात म्हणून काही शेळ्यांच्या गळ्यात रेडिओचे पट्टे बांधून त्यांना मोकळं सोडलं; शेळी एकटी राहत नाही, ती कळप शोधते आणि तिच्यामागून बंदुका पोहोचतात. उलट एस्पान्योलाची कासवं उरली होती चौदा. त्यांना इथे आणून, सान दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून एक नर परत मागवून, पिल्लं वाढवून बेटावर सोडली. आज ती दोन हजारांच्या घरात आहेत.

म्हणजे मला झाकणभर पाणी द्यायची मनाई, आणि यांना दीड लाख जिवांवर गोळ्या झाडायची परवानगी? जेवणाच्या टेबलावर त्या रात्री चांगलीच जुंपली. अमेरिकन आजोबांना शेळ्यांचं काहीच वाटलं नाही. एक फ्रेंच बाई उठून डेकवर गेली. मला विचाराल तर दुसरा रस्ता मलाही सुचला नाही. पण ते ज्यांनी केलं त्यांनी ते झोपमोड न होता केलं असेल असं मला वाटत नाही, आणि वाटू नयेच.

शेवटच्या सकाळी विमानतळाशेजारच्या नॉर्थ सीमोर बेटावर निवडुंगाखाली जाडजूड, पिवळसर इग्वाना बसलेले दिसले. हे मूळचे इथले नाहीत. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अॅलन हॅनकॉक या अमेरिकन धनिकाच्या मोहिमेतल्या लोकांना शेजारच्या बाल्त्रा बेटावरचे इग्वाना उपाशी मरताहेत असं वाटलं, म्हणून त्यांनी सत्तरेक उचलून इथे आणून सोडले. पुढे बाल्त्रावर अमेरिकेचा लष्करी तळ झाला आणि तिथले सगळे इग्वाना नाहीसे झाले. १९९१ पासून इथल्यांची पिल्लं वाढवून परत तिकडे सोडायला सुरुवात झाली.

मी गाईडकडे वळले. "बघा! कुणीतरी दया केली म्हणूनच वाचले ना हे? मग माझं झाकणभर पाणी?"

तो हसला. "शेळ्यासुद्धा कुणीतरी चांगल्या हेतूनंच आणल्या असतील, मॅडम. पांगा आली. कोरडं उतरणं आहे."