मूठभर ज्वारी आणि दौलताबादचा किल्ला

औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, राहणाऱ्यांना दौलताबादचे फारसे अप्रूप नसते. पाहुणे आले की वेरूळच्या वाटेवर तिथे थांबायचे, चाँद मिनारासमोर फोटो काढायचे आणि पुढे निघायचे. मीही आजवर तेच करत आले. यंदा मात्र मुलांच्या एका खेळामुळे तो किल्ला मला नव्याने पाहावा लागला.

आमच्या कॉलनीत दिवाळीला सगळी मुले मिळून मातीचा किल्ला करतात. माती कालवण्यात आमची दोन्ही मुले सर्वांत पुढे. शेजारच्या वहिनी त्यावर अळीव पेरतात आणि बाजारातून आणलेले मावळे, घोडेस्वार, तोफा जागोजागी उभ्या राहतात. यंदा पुण्यात शिकणारा माझा भाचा सुट्टीला आला होता. तिथे तो मित्रांबरोबर टेबलावर चिमुकल्या सैन्यांची लढाई खेळतो. तो म्हणाला, "खाला, हे सैनिक नुसते उभे का ठेवायचे? आपण सामने खेळू."

झाले! आमच्या जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा किल्ला आला. दोन्ही बाजूंना वीस-वीस सैनिक. पायदळाने एका खेपेत एक वीत चालायचे, घोडेस्वाराने दोन. भाच्याने फासे काढले तेव्हा मी म्हटले, "फासे नकोत आणि पैजही नको." मग वाटीत चिठ्ठ्या टाकल्या. हल्ला फळला की फसला, ते चिठ्ठी सांगणार. तीन घरांतले आठ खेळाडू जमले. त्यांत वहिनी होत्या, त्यांची मुलगी होती आणि आग्रहामुळे मीही होते.

माझा पहिलाच सामना भाच्याशी. किल्ला माझ्याकडे. मी सगळे सैनिक तटावर चढवले आणि दरवाजा बंद केला. तो तटाबाहेर वेढा घालून बसला. तो पुढे येईना, मी बाहेर पडेना. असा अर्धा तास गेल्यावर माझ्या धाकट्याने विचारले, "अम्मी, हे लोक आत खातात काय?"

या प्रश्नाचे उत्तर खेळाच्या नियमांत नव्हते. सामना तिथेच थांबवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे दौलताबादला निघालो. शहरापासून जेमतेम पंधरा किलोमीटर.

किल्ला पाहताना मुले हरखून गेली. डोंगराचा खालचा भाग सुमारे ५० मीटर उभा तासलेला, त्याच्या पायथ्याशी खडकात खोदलेला खंदक, तो ओलांडायला एकच वाट आणि पुढे ती काळोखी अंधेरी. तिच्या वरच्या तोंडाशी जाळ करून आत शिरलेल्या शत्रूला धुराने कोंडण्याची सोय. भाचा म्हणाला, "असा किल्ला कोणी घेऊच शकणार नाही!"

पण घेतला गेला, तोही पुन्हा पुन्हा. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी आला तेव्हा किल्ल्यात घाईने भरलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, अशी कथा जुन्या इतिहासकारांनी सांगितली आहे. १६३३ मध्ये मोगल सेनापती महाबत खानाने वेढा घातला. आत मलिक अंबरचा मुलगा फतेह खान होता. काही महिन्यांत किल्ल्यातले अन्न संपले, रोगराई पसरली आणि तो शरण आला. ज्या तटापुढे तोफा थकल्या, तो रिकाम्या पोटाने उघडून दिला.

हत्ती हौदाच्या काठावर आम्ही बराच वेळ बसलो. एरवी या हौदाजवळून मी कितीदा तरी न थांबता गेले आहे. एवढे दगड फोडून पाणी कशासाठी साठवले, ते त्या दिवशी मुलांना समजावून सांगावे लागले नाही. मराठवाड्यातली मुले आहेत; टँकरची वाट पाहणे त्यांना माहीत आहे.

घरी आल्यावर धाकट्याने नवा नियम केला. प्रत्येक बाजूला ज्वारीचे शंभर दाणे. प्रत्येक खेपेला प्रत्येक सैनिक एक दाणा खाणार. वेढा घालणाऱ्याला टेबलाच्या कडेवरून काडेपेटीच्या गाडीत आणखी दाणे आणता येतील, पण गाडी वाटेत लुटली गेली तर गेली.

असरची नमाज झाल्यावर शेवटचा सामना सुरू झाला. वेढा भाच्याचा, किल्ला वहिनींच्या मुलीचा. तिने तटावर मोजकेच सैनिक ठेवले आणि चार घोडेस्वार मागच्या बाजूने बाहेर काढून दोनदा काडेपेटी लुटली. सहाव्या खेपेला भाच्याचे सैन्य उपाशी पडले. तिला ठाऊक नव्हते, पण हे शहर १६१० मध्ये खडकी या नावाने वसवणारा मलिक अंबर असाच लढत असे. मोठ्या फौजेशी समोरासमोर न भिडता तो तिची रसद तोडायचा. त्याच्या बाजूने मराठे होते, हबशी होते, दख्खनी मुसलमान होते. त्याच माणसाने या शहराला नहरीचे पाणी दिले.

भाचा जरा हिरमुसला, मग हसून म्हणाला, "मी पोटामुळे हरलो." इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये अशाच खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईवर 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिले होते. खेळ खेळून पाहिला की खरे युद्ध किती मूर्खपणाचे असते ते कळते, असा त्यांचा सांगण्याचा रोख. दुसऱ्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले.

सामना संपल्यावर टेबलाखाली सांडलेले दाणे मुलांनी एकेक करून वेचले. धाकट्याने ते डब्यात टाकता टाकता विचारले, "अम्मी, खऱ्या वेढ्यात आत लहान मुलेही असतील ना?" मी हो म्हणाले. रोजच्या बातम्या त्याच्याही कानांवर पडतात. रात्री दस्तरख्वानवर बसल्यावर, एरवी भाकरीला नाक मुरडणाऱ्या त्याने शेवटचा तुकडासुद्धा ठेवला नाही.

दौलताबादला मुलांना घेऊन जाल तेव्हा तोफ जरूर दाखवा. पण हौदाजवळही थोडा वेळ बसा.