पोशेऱ्याची पुस्तके

पोशेरा हे मोखाडा तालुक्यातले आदिवासी गाव. भात-नागलीची कामे उरकली की या भागातली कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, मुलेही सोबत. मग कपाटातली पुस्तके वाचणार कोण? आम्हाला साताऱ्याचे भिलार आठवले. ४ मे २०१७ पासून तिथे घराघरांत पुस्तके मांडलेली. ओसरीवर बसा, फुकट वाचा. छानच! पण भिलारला पाहुणे येतात, पोशेऱ्याची माणसे बाहेर पडतात. इथल्या वाचनालयाने दिवाळीनंतर पिशवीभर गोष्टींची पुस्तके कुटुंबाबरोबर भट्टीवर धाडावीत, पावसाच्या तोंडाशी परत घ्यावीत. चिखलाने माखतील, दोन-चार हरवतीलही. हरवू द्यात. आम्ही कोरी राहिलेली पुस्तके पुष्कळ पाहिली आहेत.