सायकलीच्या गतीने

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे मी अधूनमधून सायकलीने जातो. सूर्योदयानंतर निघावे, सूर्यास्तापूर्वी परतावे. रात्रीचा रस्ता वन्यप्राण्यांचा. दोन्ही बाजूंस साग, मोह, बांबू. कानी केवळ चाकांचा आवाज. धानोऱ्याच्या थोडे अलीकडे मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे गाव आहे. २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. आमच्या पेढीच्या वहीत बांबू म्हणजे नग आणि भाव. मोटारीतून ही माणसे क्षणात मागे पडतात. सायकलीवरून त्यांच्याशी थांबून बोलता येते. भाव ठरविताना बांबू तोडणारे हात आठवावेत, एवढे तरी ही वाट आपणा व्यापाऱ्यांना शिकविते.