फासे, सोंगे आणि अश्वत्थामा

मराठीत ‘खेळ’ या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. अंगणातली लगोरी हा खेळ, पटावरच्या सोंगट्या हाही खेळ आणि नाटकमंडळी गावात आली की रात्री साडेनऊला होतो तोही खेळच. पहिल्या दोहोंत हारजीत असते, तिसऱ्यात सोंग असते. पटापुढे बसलेला माणूस स्वतःच राहून सोंगटी हलवतो. रंगभूमीवरचा माणूस स्वतःला बाजूला ठेवून दुसराच कोणी होतो. या दोन्हींची सांगड घालणारा एक खेळ गेल्या पन्नास वर्षांत जगभर पसरला आणि आता पुण्या-मुंबईच्या वाटेने आमच्या बुऱ्हाणपूरपर्यंत येऊन पोहोचला आहे.

आमच्या घरी तो आला पुण्यात शिकणाऱ्या माझ्या नातवाच्या पिशवीतून. पिशवीत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक, काही कोरे कागद आणि सात फासे होते. चौसराचे लांबट फासे आणि सापशिडीचा सहा बाजूंचा फासा एवढेच जाणणाऱ्या माझ्या पिढीला ते नवलाचेच वाटावेत. कोणी चार बाजूंचा, कोणी आठ, कोणी बारा आणि त्यांतला थोरला तर वीस बाजूंचा!

खेळाची रीत मात्र साधी आहे. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात आणि त्या पात्राचे बळ, बुद्धी, कसब कागदावर आकड्यांत मांडतात. सूत्रधार प्रसंग सांगतो आणि विचारतो, ‘आता तू काय करतोस?’ उत्तर तोंडी द्यायचे. जे सहज घडण्यासारखे आहे ते घडते. जिथे यशापयशाची शंका असते तिथे फासा टाकायचा. यात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. तीन-चार तासांनी डाव थांबतो आणि गोष्ट पुढच्या बैठकीकडे जाते. अशी एकेक गोष्ट महिनोन्‌महिने चालते.

या कुळातला मूळपुरुष ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला, तेव्हा पहिल्या खेपेस अवघ्या एक हजार प्रती निघाल्या होत्या. त्याच्याही मागे गेलो तर प्रशियाचा एक लष्करी अधिकारी भेटतो. रायस्विट्झ नावाच्या या गृहस्थाने १८२४ साली नकाशावर लढाईचा सराव करण्यासाठी युद्धखेळ रचला. त्यात पंच होता आणि फासेही होते. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्स यांनी शिशाच्या शिपायांनी खेळायच्या लुटुपुटीच्या लढायांवर ‘लिट्ल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले. दिवाळीत मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडणाऱ्या आपल्या मुलांना वेल्ससाहेबांचा छंद परका वाटला नसता. नव्या खेळाने त्यात महत्त्वाची भर घातली ती इतकीच, की अख्ख्या सैन्याऐवजी खेळणाऱ्याच्या हाती एकच माणूस दिला. सैन्य हलवताना हिशेब करावा लागतो. एका माणसाच्या कातडीत शिरताना त्याचे भय, लोभ आणि दयाही आपल्याच होतात.

या खेळाला विरोधही पुष्कळ झाला. १९८० च्या दशकात अमेरिकेतील अनेक पालकांना आणि धर्मसंस्थांना त्यात सैतानाची पूजा दिसू लागली होती. ते वादळ शमले. २०१४ साली पाचवी, सोपी केलेली आवृत्ती आली, २०१५ पासून कसलेल्या नटांचे डाव लोक संगणकावर नाटकासारखे पाहू लागले, २०१६ साली ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेने तो घराघरांत नेला आणि २०२० च्या टाळेबंदीत कोंडलेली मुले पडद्यावरून एकमेकांशी तो खेळत राहिली. २०२२ साली या खेळाच्या प्रकाशकांनी काढलेल्या एका संग्रहात कोलकात्यात जन्मलेल्या मिमी मोंडल यांनी बंगालच्या वळणाची कथा लिहिली. बंगालला जागा झाली, मग निमाडला का होऊ नये?

आमच्याकडे सोंगाची परंपरा काही नवी नाही. निमाडातील गम्मत, कोकणातील दशावतार, देवळातील लळीत या साऱ्यांत माणसे सोंग घेऊन मनातले बोलून गेली आहेत. शासकीय नोकरीत निवडणुकीच्या प्रशिक्षणवर्गात मी याचा अनुभव घेतला आहे. सरावासाठी एकाला मतदान अधिकारी आणि दुसऱ्याला आक्षेप घेणारा प्रतिनिधी करीत. एरवी मान वर न करणारे कारकून त्या पाच मिनिटांत वरिष्ठांशी असे तावातावाने भांडत, की हा आवाज इतकी वर्षे कुठे दडला होता, असे वाटे. सोंगामुळे माणूस खोटा होतो असे म्हणतात. मला नेहमी उलटेच दिसले.

गेल्या दिवाळीत नातवाने शेजारची चार मुले जमवली. त्यांत दोन मराठी घरांतली, एक गुजराती व्यापाऱ्याचा मुलगा आणि एक यंत्रमाग चालवणाऱ्या मोमीन घरातली, दहावीतली मुलगी. ड्रॅगनची गुहा न घेता नातवाने असीरगड घेतला. आमच्या उत्तरेला वीसएक किलोमीटरवरचा हा किल्ला. १६०१ साली तो अकबराच्या हाती आला तेव्हा दख्खनचा दरवाजा उघडला. पण इकडच्या पोरांना अकबरापेक्षा अश्वत्थामा अधिक ठाऊक. गडावरच्या शिवमंदिरात तो आजही पूजेला येतो आणि कपाळावरच्या जखमेसाठी वाटसरूंकडे तेल मागतो, अशी लोकांची श्रद्धा आहे.

खेळात तो मुलांना भेटला आणि त्याने तेल मागितले. मुलांजवळ तेल होते ते कंदिलापुरतेच, आणि पुढे भुयार होते. मुलीने महाभारत वाचलेले नव्हते. ती म्हणाली, “ज़ख़्मी है, दे देते हैं।” आमच्या गल्लीतला मराठी मुलगा ताडकन म्हणाला, “मुळीच नाही. ह्यानं झोपलेली पोरं मारली आहेत.” अर्धा तास वाद चालला. तीन हजार वर्षांची शिक्षा पुरेशी नाही का? पुरेशी आहे हे कोण ठरवणार? ज्यांची मुले गेली त्या द्रौपदीला कोणी विचारले का? शेवटी गुजराती मुलगा कंटाळून म्हणाला, “फासा टाकू या.” तेव्हा नातवाने फासा मुठीत धरला आणि म्हणाला, “हे फाशानं ठरत नाही. तुम्हीच ठरवायचं.”

त्या वाक्याने मला हस्तिनापूरची सभा आठवली. तिथे राज्य, भाऊ, पत्नी सारे फाशांवर सोडले होते आणि ज्यांनी बोलायचे ते वडीलधारे गप्प होते. इथे फासे होते, पण बोलण्यातून कोणाला सुटका नव्हती.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या गावात मराठी आता बहुधा स्वयंपाकघरापुरती उरली आहे; शाळा हिंदीत, महत्त्वाकांक्षा इंग्रजीत. त्या मुलाला दाराबाहेर मराठी बोलताना मी क्वचितच ऐकले होते. पण भांडण जिवाशी आले तेव्हा त्याच्या तोंडी त्याच्या आजीची मराठी आली. त्याचे म्हणणे पटवण्यासाठी मुलगीही मध्येच विचारू लागली, “इसका मतलब क्या?” हा खेळ शब्दांखेरीज दुसऱ्या कशाने चालतच नाही. ज्या भाषेत मूल सोंग घेईल, रागावेल, गयावया करील, ती भाषा त्याला घोकावी लागत नाही. पुस्तके इंग्रजी आहेत आणि महागही आहेत, हे खरे. परंतु प्रसंग आपल्या मातीतला असला तर संवाद आपोआप आपल्या बोलीत उतरतो.

मुलांनी अर्धे तेल दिले. मराठी मुलाने ते द्यायला हात लावला नाही. उरलेल्या तेलाचा कंदील मात्र त्यानेच उचलला आणि तो भुयारात सर्वांच्या पुढे झाला. तिथे डाव थांबला. नातू पुण्याला गेला असला तरी कट्ट्यावर ती चौघे अजून भांडत असतात, की जखम भरली असेल की नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत त्यांना भांडायला मुभा आहे.