गादीचे वारस

आधीच कबूल करते. दहावीपर्यंत माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी म्हणजे आमच्यासाठी शंभर मार्कांचा पेपर आणि घरी आजीशी भांडायची भाषा! त्यामुळे या लेखातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने निस्तरल्या आहेत. बाकीच्या चुका मात्र माझ्या स्वतःच्या आहेत आणि त्यांच्याबद्दलच लिहायचं आहे.

आमच्या विंगमध्ये एक हार्ड डिस्क आहे. फायनल इयरची मुलगी जाताना ती विंगमधल्या कुणा ज्युनिअरच्या हाती सोपवते. तिला रबरबँड गुंडाळलेलं आहे, वायर ठरावीक अँगलला धरली तरच चालते. आत मागच्या कित्येक वर्षांचे पेपर, जर्नल्स, सिनेमे आणि गेम्स. फर्स्ट इयर संपताना आमच्या विंगच्या एका सीनिअर मॅमनी (हो, 'मॅम'च म्हणायचं असा नियम होता) ती मला दिली. "आता गादी तुझी," म्हणाल्या. मी फुशारून गेले.

माझा लॅपटॉप दादाचा जुना. नवीन गेम टाकला की त्याचा पंखा विमानासारखा आवाज करतो. म्हणून जुन्यात जुना गेम शोधला आणि 'ओव्हरलॉर्ड' सापडला. हा गेम २००७ सालचा. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या ट्रायम्फ स्टुडिओजने बनवलेला आणि कोडमास्टर्सने बाजारात आणलेला. त्याची कथा लिहिली रिआना प्रॅचेट यांनी, म्हणजे विनोदी फँटसी लिहिणाऱ्या टेरी प्रॅचेट यांच्या कन्येने. त्यामुळे गेम काळाकुट्ट असला तरी हसून हसून पोट दुखतं.

यात तुम्ही हिरो नसता, तर खलनायक असता! जुन्या ओव्हरलॉर्डला सात वीरांनी मारलंय, त्याचा काळा मनोरा पडलाय. नार्ल नावाचा एक म्हातारा मिनियन तुम्हाला शवपेटीतून उठवतो आणि सांगतो की आजपासून मालक तुम्ही. हा नार्ल म्हणजे आपल्या ऑफिसातले जुने हेडक्लार्क. साहेब येतात-जातात, हे कायम! मिनियन म्हणजे सिनेमातले ते पिवळे नव्हेत, ते २०१० साली आले. हे चार रंगांचे. तपकिरी मारामारी करतात, लाल आग फेकतात, हिरव्यांना विष बाधत नाही, आणि निळे पोहतात व मेलेल्या मिनियनला जिवंत करतात. निळे सोडून बाकी सगळे पाण्यात गेले की बुडतात. तुम्ही फक्त मागे उभं राहून बोट दाखवायचं. पन्नासेक मिनियन धावत जातात, तोडफोड करतात, लुटलेला माल आणून तुमच्या पायाशी ठेवतात, वर खूशही होतात. मेले तर? नवीन काढायचे. शत्रू मारला, अगदी मेंढी मारली, तरी तिची प्राणशक्ती मिळते आणि त्यातून नवा मिनियन तयार होतो. तुमचं चिलखत भारी करायचं असेल तर भट्टीत मिनियन टाकायचे. ते आनंदाने उड्या मारतात!

गंमत म्हणजे ते सात वीर. राजा मेल्यावर तेच बिघडले. एक खादाड, तो गावाचं धान्य खाऊन फुगलाय. एल्फांचा नायक आळशी, तो नुसता झोपलाय. बुटक्यांचा राजा सोन्याचा लोभी. शाळेत सिस्टरांनी आम्हाला सात पापं पाठ करून घेतली होती, ती सगळी इथे भेटली. आजीचे षड्रिपू सहाच, त्यांत खादाडपणा आणि आळस नाही. आजी कधी हॉस्टेलला राहिली नव्हती, दुसरं काय!

सेकंड इयरला मी रोज रात्री हा गेम खेळायचे. त्याच वर्षी गॅदरिंगच्या डेकोरेशनची प्रमुख झाले. हाताखाली फर्स्ट इयरच्या चौदा मुली. पहिल्या दिवशी मी त्यांच्याशी फार गोड बोलले. चौथ्या दिवशी मी खुर्चीवर बसून बोट दाखवत होते. ही थर्माकोल कापणार, ती शिडीवर चढणार, तू चहा आण, तू माझी शीट पूर्ण कर. त्या खरंच धावायच्या. आणि खोटं कशाला बोलू, मला मजा यायची. रूममेट म्हणालीसुद्धा, "अगं, तुझे मिनियन बाहेर उभे आहेत." आम्ही दोघी खो खो हसलो.

रॅगिंग नव्हतं हं ते! रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे. यूजीसीच्या २००९ च्या नियमांप्रमाणे आपण सगळे प्रतिज्ञापत्र भरून देतो. त्यात जे जे लिहिलंय असं मला वाटत होतं, त्यातलं मी काहीच केलं नव्हतं. मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त कामं सांगितली.

गॅदरिंगच्या आदल्या रात्री साडेबाराच्या सुमारास त्यांतली एक मुलगी जिन्यात चक्कर येऊन पडली. अंगात ताप. संध्याकाळी तिने मला सांगितलं होतं, "मॅम, बरं वाटत नाहीये." मी म्हटलं होतं, "एवढी कमान झाली की जा." रेक्टर मॅडम धावत आल्या, रिक्षा बोलावली, दवाखान्यात न्यायच्या आधी रजिस्टर उघडलं आणि मला विचारलं, "हिचं नाव काय?"

मला माहीत नव्हतं.

बारा दिवस ती माझ्या हाताखाली राबत होती. मी तिला 'ए छोटी' म्हणायचे. रेक्टर मॅडम काही बोलल्या नाहीत, नुसतं बघितलं. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी दुसऱ्या एका मुलीने नाव सांगितलं. ती दोन दिवसांत बरी झाली, पण सलाईन लावलेलं असताना तिची एक ओरल बुडाली. एचओडी सरांकडे मी तिच्यासोबत गेले, खरं काय ते सांगितलं. सरांनी ओरल पुन्हा घेतली. मला जे बोलले ते इथे छापण्यासारखं नाही.

त्यानंतर महिनाभर गेम उघडला नाही. मग शेवट बघायचा म्हणून उघडला. (ज्यांना खेळायचा आहे त्यांनी पुढच्या चार ओळी सोडून द्या.) शेवटी कळतं की आपण जुन्या राजाचे वारस नसतोच. आपण त्या वीरांपैकीच आठवा असतो. लढाईत मनोऱ्यावरून पडलेला आणि सोबत्यांनी तिथेच सोडून दिलेला. आपल्याला काही आठवत नसतं, म्हणून नार्लने गादीवर बसवलं की आपण बसतो.

मी लॅपटॉप बंद केला. फर्स्ट इयरला मी रोज रात्री तिसऱ्या मजल्यावर सहा बाटल्या पाणी भरून न्यायचे, हे मला तेव्हा आठवलं. वर्षभरात साफ विसरले होते.

२००९ साली या गेमचा दुसरा भाग आला. त्यात पहिल्याचा मुलगा गादीवर बसतो. लहानपणी गावातली पोरं त्याला छळतात, सैन्य आल्यावर गाव त्याला बाहेर काढतं, आणि मिनियन त्याला सांभाळतात. त्या भागात एक गोष्ट नवीन आहे. प्रत्येक मिनियनला नाव आहे, आणि मेलेल्यांचं कब्रस्तान आहे. तिथे जाऊन हवा तो मिनियन परत आणता येतो, त्याची किंमत मोजून. मला वाटतं, गेम बनवणाऱ्यांनाही कुणीतरी नाव विचारलं असावं.

यंदा मी थर्ड इयरला आहे. ती मुलगी आता सेकंड इयरला, आणि डेकोरेशनची प्रमुख तीच. परवा कॉमन रूमवरून जाताना तिचा आवाज ऐकला. "ए चष्मेवाली, चहा आण गं पटकन!" मी थांबले. तिने मला पाहिलं आणि हसून म्हणाली, "ताई, तुमच्याकडूनच शिकले."

ती गंमतच करत होती. पण मला हसू आलं नाही. मी आत गेले आणि त्या चष्मेवालीला नाव विचारलं. मग आम्ही तिघी मेसवर गेलो. मावशींनी चहा उकळायला ठेवला होता. कप मी भरले. एका कपात साखर जास्त पडली, पण कुणी काही बोललं नाही.

हार्ड डिस्क अजून माझ्याकडेच आहे. पुढच्या वर्षी ती तिला द्यायची आहे. देताना 'गादी' हा शब्द वापरणार नाही, एवढं ठरवलंय. आणि सोबत एक वही देणार आहे. त्यात आमच्या विंगच्या सगळ्या मुलींची नावं लिहिली आहेत. पूर्ण नावं.