बाबा, खोकं आणि कडक ऊन

रिटायर झालेल्या माणसाला आपण सगळे एकच सल्ला देतो, ‘आता मस्त आराम करा!’ माझ्या बाबांना निवृत्त होऊन तीन महिने झाले आणि तो आरामच त्यांच्या अंगावर यायला लागला. तोच पेपर दिवसातून तीनदा वाचायचा आणि उरलेला वेळ आईच्या ओट्याभोवती घुटमळायचं. आई वैतागलेली, मी लॅपटॉपमध्ये. बाबांशी बोलायचं कुणी?

मार्चमधल्या एका शनिवारी मी मायक्रोवेव्हचं रिकामं खोकं भंगारात द्यायला निघाले, तर बाबा म्हणाले, ‘थांब गं, याची सूर्यचूल होईल.’

थिअरी अगदी सोपी. काच उजेड आत घेते, पण आतली उष्णता सहजासहजी बाहेर सोडत नाही. सोस्यूर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने १७६७ मध्येच अशी काचेची पेटी करून पाहिली होती. आमचं सामानही घरचंच. मोठ्या खोक्यात छोटं खोकं, मधल्या फटीत चुरगळलेली रद्दी. आतल्या बाजूंना पोळ्या गुंडाळायची फॉइल, तळाला काळा रंगवलेला पत्रा. वर फ्रेमवाल्याकडून कापून आणलेली काच, कडेने फट न ठेवता घट्ट बसवलेली. मोठ्या खोक्याच्या झाकणाला फॉइल लावून ते तिरकं उभं केलं, की झाला आरसा! चिकटवायला मी ट्यूब आणणार होते. बाबांनी मैद्याची खळ शिजवली. ‘पुठ्ठ्याला हीच धरते.’

रविवारी साडेदहाला गच्चीत मुहूर्त. बाहेरून काळ्या केलेल्या पातळ डब्यात मुगाची खिचडी, वर घट्ट झाकण. दर अर्ध्या तासाने खोकं सूर्याकडे वळवायचं, बाकी काम शून्य. ना ढवळणं, ना शिट्ट्या मोजणं.

मग काय, टाकीच्या सावलीत गप्पा. तेव्हा बाबा सहज बोलून गेले, की त्यांनी मेकॅनिकलच्या डिप्लोमाला ॲडमिशन घेतली होती. आजोबा गेले, घर चालवायचं होतं, म्हणून वर्षभरात कॉलेज सोडून क्लार्कची नोकरी धरली. पस्तीस वर्षं आकडेमोड केली. मला हे माहीतच नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं.

एक वाजून गेल्यावर काच उचलली. वाफेचा भपकारा आला (हातमोजे हवेतच!) आणि खिचडी मऊसूत. आईने चव घेतली, वर तूप सोडलं आणि म्हणाली, ‘उद्या वरणाचं बघा.’ तिच्याकडून एवढं म्हणजे भारतरत्नच.

या चुलीत पोळी होत नाही, फोडणी होत नाही आणि ढग आले की सुट्टी. पण रोजचा वरणभात होतो, आणि करपत तर मुळीच नाही. बाबा आता दुसऱ्या मॉडेलवर आहेत. वहीत रोज वेळ, ऊन, पदार्थ अशी नोंद. संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं, की चपला काढायच्या आत रिपोर्ट मिळतो. लॅपटॉप हल्ली जेवणानंतरच उघडते.